तीनशे आठचा चौकोन

मी यादी बोलतेय. खेळाडू नव्हे, यादी. बेसबॉलच्या कार्डांच्या पाकिटातून मी निघाले की माणसांचे चेहरे पडतात. माझ्यावर ना कुणाचा फोटो, ना कुणाची सही. असू दे. पण ऐकणार असाल तर शेवटपर्यंत ऐका, कारण मी एकदा खोटी ठरले आहे आणि ते मी लपवणार नाही.

एकाच मोठ्या तावावर आम्ही छापले गेलो. माझ्या शेजारी त्या वर्षीचा सगळ्यात महागडा फलंदाज होता. दोघांना एकच शाई, एकच सुरी. सहाशे साठ कार्डांच्या त्या संचात माझा क्रमांक दोनशे चौसष्ट. माझ्या अंगावर दोनशे पासष्टपासून तीनशे शहाण्णवपर्यंतची नावं आहेत आणि प्रत्येक नावाआधी एक इवलासा रिकामा चौकोन. ज्याला जे कार्ड मिळेल त्याने त्या चौकोनात खूण करावी, एवढ्यासाठी माझा जन्म. माझ्यासारख्या आणखी चार याद्या त्या संचात आहेत. शेजारचा फलंदाज दुकानातून बाहेर पडायच्या आतच प्लास्टिकच्या कवचात जातो. आम्ही जातो दारातल्या कचऱ्याच्या पेटीत.

मी गेले नाही, कारण माझं पाकीट बर्नडेट झिमान्स्कीच्या हाती पडलं. अमेरिकेतल्या ईरी शहरात ती शाळेची बस चालवायची. शाळा सुटायची घंटा होईपर्यंत बस फाटकाबाहेर उभी करायची आणि तेवढ्यात एक पाकीट फोडायचं, हा तिचा नेम. मला पाहून ती म्हणाली, "ये गं बाई, तुझीच वाट बघत होते." असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

बर्नडेटचा एक नियम होता. पाकिटातून निघालं किंवा अदलाबदलीत मिळालं, तरच ते कार्ड आपलं. सुटं कार्ड विकत आणायचं नाही. "विकत आणून संच पुरा करणं म्हणजे कोडं सोडवताना उत्तराचं पान उघडणं," ती म्हणायची. आणि मिळालेल्या प्रत्येक कार्डाची खूण ती निळ्या बॉलपेनने माझ्यावर करायची.

संग्राहकांचं मंडळ अग्निशमन केंद्राच्या तळघरात जमायचं. तिथे निवृत्त पोस्टमन लायल हॉफर हे बघून कळवळायचा.

"अगं बर्नी, कार्डावर पेन? उद्या चर्चच्या भिंतीवर खडूने लिहिशील!"

"मग चौकोन कशाला छापलेत? डोळे भरून बघायला?"

"यादी म्हणजे मेन्यूकार्ड गं. मेन्यूकार्ड कुणी खातं का? मी तर सगळ्या याद्या फेकून देतो."

लोक हसले. मी नाही हसले.

आता त्या चुकीबद्दल सांगते. मे महिन्यातल्या एका दुपारी पाकिटातून तीनशे नऊ नंबरचा गोलंदाज निघाला. बर्नडेटने मला स्टिअरिंगवर टेकवलं, पेन उचललं, आणि मागच्या बसने कर्कश हॉर्न दिला. हात हलला. खूण एक ओळ वर, तीनशे आठवर पडली. मला तेव्हाच कळलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारते आहे. पेनाचं टोक भलत्या चौकोनात टेकल्याचं जाणवलं होतं, असं आज वाटतं. पण आज वाटणं आणि तेव्हा कळणं यांत फरक आहे, आणि मला खात्री देता येत नाही. एवढं मात्र खरं, की मी गप्प राहिले. यादीला तोंड नसतं ही सबब मलाच पुरेशी वाटत नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. महिन्याभराने तोच गोलंदाज पुन्हा निघाला. माझ्यावर तीनशे नऊचा चौकोन रिकामा दिसला, म्हणून तिने तिथेही खूण केली आणि ते कार्ड संचाच्या लांब खोक्यात, पुढचं न बघताच, पहिल्याच्या पाठीशी सरकवलं. आणि एके दिवशी खरोखरचा तीनशे आठ निघाला, टोबी रेन्सेलर नावाचा राखीव खेळाडू, ज्याला त्याच्या गावाबाहेर कुणी ओळखत नसेल. तिने माझ्याकडे पाहिलं. खूण होती. "हा आहे आपल्याकडे," म्हणत तिने तो लायलला देऊन एकेचाळीस नंबर घेतला.

दोन उन्हाळ्यांनी खोक्यातली कार्डं मोजली तर बरोबर सहाशे साठ भरली. दोन तीनशे नऊ आणि एकही तीनशे आठ नाही, हे मोजणाऱ्या बोटांना कळत नाही. मंडळाने केक कापला. लायलने दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. खोकं जिन्याखाली गेलं आणि नऊ वर्षं तिथेच राहिलं.

यंदाच्या वसंतात मंडळाने प्रदर्शन ठरवलं. ज्यांनी आपल्या हाताने संच पुरे केले त्यांनी ते नऊ खिशांच्या प्लास्टिकच्या पानांत लावून मांडायचे. प्रदर्शन शनिवारी होतं. गुरुवारी सकाळी बर्नडेट आणि तिची धाकटी बहीण रोझमेरी स्वयंपाकघरात बसल्या. रोझमेरी नंबर वाचून कार्ड द्यायची, बर्नडेट खिशात सरकवायची.

"तीनशे सात. तीनशे नऊ. तीनशे नऊ."

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. चष्मा तुझा हरवलाय, माझा नाही."

बर्नडेट मला घेऊन खिडकीपाशी गेली आणि तीनशे आठवरची खूण बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता फाडते. तिने फाडलं नाही. "मीच केलीय," एवढंच म्हणाली.

"मग रडतेस काय? दुकान चार गल्ल्यांवर आहे," रोझमेरी म्हणाली. "पंचवीस सेंटला मिळेल तो टोबी. आणू, घालू, जेवायला बसू. कुणाला कळतंय?"

तेच तर. कुणालाच कळलं नसतं. बर्नडेटने कोट चढवला, मला खिशात टाकलं आणि दुकान गाठलं. सुट्या कार्डांच्या पेटीत तिची बोटं भराभर चालली. टोबी सापडला. तिने तो हातात धरला. मी खिशात श्वास रोखून होते, यादी जितका रोखू शकते तितका. मग तिने तो होता तिथेच परत ठेवला आणि आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो. रोझमेरीने कपाळावर हात मारला.

शनिवारी तळघरात ओळीने टेबलं लागली होती. प्रत्येकावर मंडळाने छापलेली पाटी: संपूर्ण संच, ६६०. बर्नडेटने आपल्या पाटीवर कागद चिकटवून ६५९ लिहिलं, रिकाम्या खिशाचं पान सगळ्यात पुढे उभं केलं आणि मला माझ्या खिशातून काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

पेपरोनी भरलेला पाव चघळत लायल आला. "काय बर्नीबाई, खिसा फाटला वाटतं?"

"फाटला नाही, रिकामा आहे. नऊ वर्षं रिकामाच होता." मग तिने आवाज चढवला. "सगळ्यांनी ऐका! तुम्ही माझ्या ज्या केकवर ताव मारलात, तो खोटा होता. तीनशे आठ माझ्याकडे नाही. कधीच नव्हता."

तिने पर्समधून लाल पेन काढलं आणि सगळ्यांदेखत माझ्यावरची ती खूण आडवी खोडली.

"टोबी रेन्सेलर?" लायल हसत सुटला. "अगं, तो तूच मला दिलास! तीन आहेत माझ्याकडे. घे एक, फुकट घे."

"फुकट नको. हा जादा तीनशे नऊ घे आणि दे."

"तीनशे नऊचं मी काय लोणचं घालू? पाच पडलेत." त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि तुपकट बोट माझ्या कडेवर ठेवलं. "ही दे."

"शाईने माखलेली? तुला?"

"माझ्या पाचही मी फेकल्या ना. एक तरी असावी."

बर्नडेटने माझ्याकडे पाहिलं. तिचा संच, तिची पाटी, सगळं माझ्या बदल्यात क्षणात पुरं होणार होतं, आणि नियमही मोडणार नव्हता. मी तिला दोष दिला नसता. निदान तसं मला वाटतं.

"ही दिली तर तीनशे आठ भरेल आणि दोनशे चौसष्ट रिकामं होईल," ती म्हणाली. "एक खड्डा बुजवायला दुसरा खणू?"

"तिथे दुसरी कोरी यादी लाव की!"

"कोरीला काय माहीत?"

लायल आपल्या टेबलापाशी जाऊन पाटीकडे बघत उभा राहिला. मग परत आला. "ते लाल पेन दे जरा."

"का? कार्डावर लिहिणार?"

"पाटीवर. गप दे."

त्याने ६६० खोडून ६५५ लिहिलं. त्या दुपारी ते पेन आणखी तीन टेबलांवर फिरून आलं.

त्या वर्षीची न फोडलेली पाकिटं अजून मिळतात. रविवारी चर्चहून आल्यावर बर्नडेट एक फोडते, मी टेबलावर उताणी असते. टोबी निघालेला नाही. पुढेही निघेल असं मी म्हणणार नाही. खात्रीने बोलायची माझी सवय त्या मे महिन्यातच मोडली.

दुकानदार सांगतात, शाई लागलेल्या यादीला किंमत नाही. नसू दे. ज्याला कोरी हवी त्याने खुशाल कोरी घ्यावी, कवचात घालावी, तिला कधीच काही विचारू नये. माझ्यावर एकशे एकतीस निळ्या खुणा आहेत, एक लाल काट आहे, आणि आता त्यातलं सगळं खरं आहे. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर जरूर लिहा. फक्त कार्ड हातात असेल तेव्हाच लिहा. आणि मला पुसून स्वच्छ करायला कुणी येऊ नका.