हरकतींची मुदत

वरच्या खोऱ्यातलं जुनं जंगल राखीव करायचं सरकारने ठरवलं आणि ते काम माझ्या थोरल्या बहिणीकडे आलं. ताई वनखात्यात अधिकारी होती. आम्ही दोघं भावंडं एकाच घरात राहायचो. तातडीचा हुकूम काढून त्याच दिवशी तोड थांबवायचा अधिकार तिला होता, आणि तिच्या हाताखालच्या वनपालाने तेच सुचवलं होतं. ताईने मात्र लोकांना हरकती घेण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

त्यालाही कारण होतं. आमची जमीन रस्त्यासाठी गेली हे वडिलांना मोजणीच्या खुंट्या दिसल्या तेव्हा कळलं. न विचारता कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, असं ती म्हणायची. मलाही ते पटलं. निदान पुस्तकांत तरी असंच लिहिलेलं असतं.

उत्तरेच्या उतारावर तोडीचा परवाना होता तो लाकूडगिरणीच्या मालकाचा. त्याची हरकत आलीच नाही, म्हणून ताई खूश होती. मग गिरणी दोन पाळ्यांत चालू लागली. ताईच्या कचेरीखालून ट्रक जाऊ लागले. ओंडके असे, की एका ट्रकवर एकच मावायचा. जाहीर केलेली मुदत मागे घेता येत नाही आणि ती संपेपर्यंत तातडीचा हुकूमही काढता येत नाही, असं खात्याच्या वकिलांनी सांगितलं. ट्रकचा आवाज आला की ताई उठून खिडकी लावायची. खोलीत उकडायचं, पण उघडा असं कोणी म्हणत नसे.

एकदा मालक स्वतःच भेटायला आला. मी तिचा डबा घेऊन तिथे गेलो होतो. माणूस उद्धट नव्हता, उलट अवघडून उभा होता.

"मॅडम, तुम्ही आधी विचारलंत म्हणून घाई केली," तो म्हणाला. "नाहीतर आमचं आपलं सावकाशच चाललं होतं."

ताईने त्याला बसायला सांगितलं. चहाही मागवला.

शेवटी हुकूम निघाला. उत्तरेचा उतार वगळावा, तिथे आता राखण्यासारखं काय उरलंय, अशी वरून सूचना आली. ताईने ती मानली नाही. राखीव जंगलाची पाटी लावायच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. उतारभर नुसते तोडलेल्या झाडांचे बुडखे होते. पाटी मागे, झाडं सुरू होतात तिथे लावायची का, असं वनपालाने हळूच विचारलं.

"नकाशात आहे तिथेच," ताई म्हणाली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, तीन-चारशे वर्षांत पुन्हा उभं राहील सगळं.

"तोवर तुझ्या पुस्तकांना वाळवी लागेल, बाळ्या," ती म्हणाली. हसली नाही.

वनपाल खड्डा खणू लागला. हातभर खाली मनगटाएवढं मूळ लागलं, अजून ओलं. त्याने कुऱ्हाड घेतली.

"तोडू नका," ताई म्हणाली. "खड्डा जरा बाजूला घ्या."

बाजूलाही मुळंच निघाली. ताईने आणखी पलीकडे बोट दाखवलं. वनपालाने कुदळ उचलली.