बावीतले जीव

लोकल बोर्डानं हंचिनट्टीला एकाच वर्षी दोन गोष्टी दिल्या: गावाला नवा आड आणि पहिलीच्या आधीच्या बिगरीच्या वर्गाला एक पेटी. पेटीत लोहचुंबक, काचेची नळी, लहानसा तराजू आणि पितळी मुठीचं भिंग होतं. निपाणीच्या आसपास बिगरीच्या पोरांना धड पाट्या मिळत नव्हत्या, तिथं भिंग म्हणजे नवलच. हेडमास्तरांनी पेटी कपाटात ठेवायला मागितली. "कपाटाला काय शिकवायचंय?" असं म्हणून राजमतीबाईंनी ती वर्गातच ठेवली. बाई बेळगावला ट्रेनिंग करून आलेल्या होत्या आणि हेडमास्तर त्यांच्या नादी फारसे लागत नसत.

नारू हा गावाचा जुना रोग. उन्हाळा आला की कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या गुडघ्याखालून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो काडीवर थोडा थोडा गुंडाळत माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा. त्याच पायांनी लोक पायऱ्यांच्या बावीत उतरायचे आणि तिथलंच पाणी घरी न्यायचे. पायातला नारू पाण्यात पिल्लं सोडतो आणि ती गिळलेल्या बारीक किड्यांतून परत माणसाच्या पोटात जातो, हे बाई ट्रेनिंगमध्ये शिकल्या होत्या. पोरांना ते नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं, असं त्यांनी पेटी आली त्या दिवशीच ठरवलं होतं.

चैत्रात त्यांनी बावीच्या तळाचं पाणी नळीत भरून उजेडात धरलं. भिंग हातोहात फिरलं. मारुतीरावांची नात बाळव्वा ते सोडायलाच तयार नव्हती.

"बाई, ह्याला शेपूट हाय. दोन्ही अंगाला दोन पिशव्या हाईत. बाजारला निघाल्यागत दिसतंय."

"त्या पिशव्यांत त्याची अंडी असतात."

"म्हंजे ही आई हाय व्हय?"

मग बाईंनी पाणी धोतराच्या दुहेरी तुकड्यातून गाळून दाखवलं. खालच्या भांड्यात एकही किडा उतरला नाही. वर फडक्यात राहिलेले किडे त्यांनी अलगद वाटीतल्या पाण्यात सोडले. जैनाच्या घरात वाढलेल्या बाईचा हात तो. फडक्यातले जीव वाळू द्यायचे नाहीत, जिथलं पाणी तिथं परत सोडायचं, हे त्यांना आईनं शिकवलं होतं. तेही त्यांच्या तोंडून गेलं.

"बाव आटाय लागलीया, बाई," बाळव्वा म्हणाली. "मग जीव कुठं जायाचे?"

बाई पाट्या गोळा करत होत्या. "जिथं पाणी असेल तिथं," त्या म्हणाल्या.

आडाचं पाणी नितळ. ते कशाला गाळायचं, असं म्हणून जैनांची चार घरं सोडली तर गावानं गाळणं कधी हातात घेतलंच नाही. रहाटाखाली ओंजळ धरून पोरं भरदुपारी तिथंच पाणी प्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला. वर्षभर बावीकडे न फिरकलेल्या घरांतही निघाला. बाळव्वाच्या घोट्यात निघाला. बाई तिला बघायला गेल्या, तेव्हा ती काडी बांधलेला पाय उशीवर ठेवून बसली होती.

"बावीचं पाणी प्यालीस का गं?"

"न्हाई. नव्या आडाचंच." मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. "मागल्या साली बाव आटली तवा आमी समद्यांनी जीव वाचवलं की, बाई. घागरीनं न्हेऊन आडात सोडलं. तुमी सांगितलतं तसं."

शाळेसमोरच्या लिंबाखाली सभा भरली. बोर्डाचे मेंबर भुजबली आप्पा गावचेच, जैनांच्या चार घरांतलेच, आणि निवडूनही आले होते ते ह्या आडाच्या जोरावर. आता आड बाधला, बुजवून टाका, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. राजमतीबाई उठल्या.

"आड बुजवू नका. ते किडे फार दिवस जगत नाहीत. आडात कुणी पाय घालत नाही, म्हणून नवा नारू त्यात शिरत नाही. आजचं पाणी चांगलंच असेल."

"मग किडं आलं कुठनं?" मारुतीरावांनी विचारलं.

हाच प्रश्न येणार, हे धरूनच बाई आल्या होत्या. "बिगरीच्या पोरांनी बावीतून नेऊन सोडले. मी शिकवलं म्हणून."

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी सभाच हसली.

"बिगरीची पोरं?" मारुतीराव डोळे पुसत म्हणाले. "चड्डीची नाडी बांधता येत न्हाई त्यास्नी. आन् आड नासवत्यात व्हय?"

नागुबाई तेवढी हसली नाही. तिचे दोन्ही लेक अंथरुणावर होते. "तुमच्यातल्या एका बी घरात नारू न्हाई, आक्का. ते कसं?"

"आम्ही गाळून पितो."

"व्हय? का काय टाकलंया ते तुमास्नी ठावं हुतं?"

हसणं थांबलं. भुजबली आप्पा घाईनं उठले. आड बुजवायचा, बावीच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या आणि बिगरीच्या वर्गातले असले खेळ बंद, असं सांगून त्यांनी सभा उठवली. जाताना ते बाईंच्या जवळ आले.

"आणखी एक शब्द बोललासा तर आपल्या दारावर दगड पडतील. आड गेला तर जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटी हेडमास्तरांच्या कपाटात नेऊन ठेवली.

आडात मुरूम पडू लागला त्या दिवशी मारुतीरावांनी बाळव्वाला खांद्यावरून आणून वर्गात बसवलं. गाडी रिकामी झाल्याचा आवाज आला की पोरं खिडकीकडे माना वळवायची. बाळव्वाला उठता येत नव्हतं.

"बाई, आडातलं जीव आता कुठं जातील?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन बावीच्या वाटेला लागल्या होत्या.

"बावीत," त्या म्हणाल्या. "जिथले तिथं."

बाळव्वाला ते पटलं. काडी हलू नये म्हणून तिनं पाय जपून बाजूला घेतला आणि पाटी पुढं ओढली.