एक तुमी ठेवा, एक मले द्या

अमरावतीच्या कोर्टात खुशालरावांनी तीस वर्षं एका वकिलाकडे मुनशीगिरी केली आणि त्या काळात त्यांना एक खोड जडली. कागद हातात आला की ते आधी उलटा करून बघत. स्टँप कुणी घेतला, कोणत्या तारखेला घेतला, हे स्टँपवेंडर मागच्या बाजूला लिहितो. पुढे कितीही गोडगोड मजकूर असो, लबाडी सापडायची ती मागेच. कोर्टात ही खोड कामाची होती. पण हा गृहस्थ लग्नाची पत्रिकासुद्धा उलटी करून बघायचा. भाजीवालीने कोथिंबीर फुकट वर घातली, की घरी येऊन आधी वांगी चिरून पाहायचा. त्यांची बायको दुर्गाबाई शेजारणीला सांगत, "यायले देवानं प्रसाद देला, तरी हे इचारतीन, काहून देला?"

अशा माणसाला जगात एकच मित्र टिकला होता. तो म्हणजे शफी. टांगा स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी सकाळी खुशालराव तिथल्या मोडक्या स्टुलावर जाऊन बसत. शफी काम करता करता एखादी तबकडी लावी आणि दोघं ऐकत. अकरा वर्षं हे चाललं होतं. बोलणं म्हणाल तर चहा मागवण्यापुरतं. आणि बोलणंच नाही म्हटल्यावर त्यात खोट कुठून काढणार?

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर शफीने दुकान बंद करायचं ठरवलं. नजर अधू झाली होती, बारीक तारांना डाग देताना हात चुकू लागला होता. धाकटा भाऊ अय्युब अकोल्याला होता, त्याच्याकडे जाऊन राहायचं ठरलं. चारेक महिन्यांनी, जायची वेळ आली तेव्हा, एका रविवारी त्याने दोन लाँग प्ले तबकड्या खुशालरावांपुढे ठेवल्या आणि म्हणाला, "मुनशीजी, यातली एक तुमी ठेवा, एक मले द्या."

एक होती म्हाताऱ्या गायिकेची तोडी. दुसरी होती कव्वालीची. त्यातला मुख्य कव्वालही आता हयात नव्हता. दोन्ही त्यांनी इतक्या रविवारी ऐकल्या होत्या की कुठे खोकला येतो, कुठे तबलजी हसतो, तेही पाठ होतं.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. खुशालरावांच्या मनात पाल चुकचुकली. काहून?

आता त्यांची पंचाईत ऐका. चारचौघांत ते नेहमी तोडीचं नाव घेत. खरं संगीत ते हेच, असं बार रूममध्ये वकिलांनाही सुनावत. पण कव्वालीत टाळ्या सुरू झाल्या की त्यांचा पाय आपोआप हलायचा. मग ते तो पाय स्टुलाखाली दडवत. हे फक्त शफीला ठाऊक होतं. म्हणजे मी लाजेकाजेस्तव तोडीच उचलणार, हेही त्याला ठाऊक! मग कव्वाली आपसूक त्याच्याकडे राहणार. बरं, मुद्दाम कव्वाली उचलावी, तर कदाचित तिलाच चरा पडलेला असेल आणि तीच गळ्यात मारायची असेल. जाणारा माणूस चांगली चीज कशाला सोडून जाईल?

"मी दोनी घरी नेतो," खुशालराव म्हणाले. "आठ दिवसानं सांगतो."

"न्या ना," शफी म्हणाला. "पण तुमच्या त्या जुन्या भोंग्याच्या ग्रामोफोनवर लावजा नोको. ते लोखंडी पिन यायले चालत नाई, रेघा खराब होतीन. आयकाच्या असन तर अठीच या."

अठीच या! खुशालरावांनी तेवढंच ध्यानात ठेवलं. ज्याला माल दाखवायचा असतो तो कधी म्हणतो का, की माझ्याच उजेडात बघा म्हणून?

चार दिवस त्यांनी नुसती कव्हरं बघण्यात घालवले. पुढून बघितली, मागून बघितली, खिडकीत धरून बघितली. सकाळी तोडी नक्की व्हायची आणि जेवणानंतर कव्वाली. आंघोळीला बसल्या बसल्या कव्वालीच्या टाळ्या आठवल्या आणि पाय हलला, तेव्हा तर ते स्वतःवरच चिडले. दुर्गाबाई म्हणाल्या, "अवो, पोरगी पायाले आल्ते तवा तुमी मले अर्ध्या घंट्यात पसंत केलं. अन् हे गान्याचे तवे पसंत कराले आठ दिवस?" त्या अर्ध्या तासातही खुशालरावांनी तिच्या मामाची चौकशी करून घेतली होती, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी दुपारी दुर्गाबाई शेजारी अनसूयाबाईंकडे गेल्या. खुशालरावांनी माळ्यावरून भोंग्याचं यंत्र उतरवलं, चावी भरली, डबीतून कोरी लोखंडी पिन काढून बसवली आणि तोडी लावली. म्हातारी गायिका चिमणीसारखी चिवचिवायला लागली. त्यांनी थाळीच्या कडेला बोट टेकवून वेग कमी केला, तर ती म्हशीसारखी हंबरायला लागली. मधूनच खरखर. तीनेक मिनिटांनी त्यांनी ती काढली आणि कव्वाली लावली. तिचंही तेच! खुशालराव घामाघूम झाले, पण मनातून खूश झाले. संशय खरा ठरला की त्यांना नेहमी असं बरं वाटायचं.

रविवारी सकाळी त्यांनी दोन्ही तबकड्या शफीच्या पुढ्यात आपटल्या. "शफीभाई, तीस वर्सं कोर्टात काहाडली मी. दोनी तवे खोटे हायेत. अन् हे तुमाले ठाऊक होतं."

शफीने तोडी आपल्या यंत्रावर ठेवली. एकसारखी करवत चालल्याचा आवाज आला, पिन उडाली, परत त्याच जागी पडली, परत उडाली. शफीने ती थांबवली. तबकडी दाराच्या उजेडात तिरपी धरली. काळ्याभोर तबकडीच्या कडेला बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा उमटला होता. मग त्याने कव्वाली बघितली. तिच्यावरही पट्टा होता.

"भोंग्यावर लावली," तो म्हणाला.

राखाडी पट्टा बरोबर तीन मिनिटांचा होता, हे खुशालरावांइतकं कुणाला कळणार?

शफीने कोपऱ्यातलं एक फडकं बाजूला केलं. खाली विजेवर चालणारा छोटा प्लेअर होता. पेटी जुन्या रेडिओची, झाकणाला नवी बिजागरी. "चार मयने लागले," तो म्हणाला. "डोये साथ देत नाई ना. तुमी कोनती ठेवता ते सांगतलं का तिच्यासंगं हे द्याचं होतं. एक तवा तुमच्यापाशी, एक माह्यापाशी. मयन्याच्या पयल्या आयतवारी तुमी अमरावतीऊन निंगा, मी अकोल्याऊन. मूर्तिजापूरच्या टेशनावर बदलून घेऊ. मंग पुढच्या मयन्यात पुन्हा बदलू."

"मंग हे पयलेच काहून नाई सांगतलं?"

"सांगणारच होतो आज. पण मुनशीजी, तुमी काहून नाई इचारलं? साऱ्या दुनियेले इचारता. मलेच नाई इचारलं."

अकरा वर्षांत शफी एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. मग तो खाली बघत म्हणाला, "बिनकामाचा मी तुमच्या घरी आलो असतो, तर तुमी मनातल्या मनात तीनदा म्हटलं असतं, काहून आला? म्हून हे बदलाबदलीचं काम काहाडलं."

खुशालरावांना तिथून उठून पळून जावंसं वाटलं. निवडायचं असं काही नव्हतंच. कोणतीही उचलली असती तरी दोन्ही दोघांच्याच राहणार होत्या. इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती आणि ती कुठे दडवावी, तेही कळत नव्हतं. स्टुलाखाली मावणारी ती नव्हती.

"बोला," शफी म्हणाला. "कोनती ठेवता?"

"कव्वाली," खुशालराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हे मोठ्याने बोलले.

"ठाऊक हाये," शफी म्हणाला आणि प्लेअर त्यांच्याकडे सरकवला. पण तो हसला नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी खुशालराव कव्वाली घेऊन मूर्तिजापूरला उतरले. शफी येणार नाही, याची त्यांना खात्री होती. कशाला येईल? आपण असतो तर आलो असतो का? अकोल्याकडची गाडी आली, माणसं उतरली, फलाट रिकामा व्हायला लागला. खुशालराव परत फिरणार तेवढ्यात शेवटच्या डब्यापाशी शफी दिसला. बगलेत रद्दीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं पुडकं होतं आणि दुसरा हात पुढे करून तो चाचपडत चालत होता. महिन्याभरात त्याची नजर आणखी उतरली होती. खुशालराव जवळजवळ धावतच गेले.

दोघांनी चहा घेतला आणि पुडकी बदलली. त्या दिवसाबद्दल कुणी काही काढलं नाही. आपापल्या गाडीची वेळ झाल्यावर दोघं उठले.

परतीच्या वाटेत पुडकं खुशालरावांच्या मांडीवर होतं. आत तोडीच आहे कशावरून? शफीने रागाने दुसरंच काही बांधून दिलं नसेल कशावरून? त्यांचं बोट कितीदा सुतळीच्या गाठीवर गेलं आणि कितीदा त्यांनी ते मागे घेतलं, याची मोजदाद नाही. पण घर येईपर्यंत गाठ सुटली नाही.

"आत काय हाये, पायलं का?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"नाई."

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे निरखून बघितलं आणि स्वतःच गाठ सोडली. आत तोडी होती. कव्हरमधून एक चिठ्ठी खाली पडली. नजर उतरलेल्या माणसाची ओबडधोबड, मोठाली अक्षरं:

"पयली तीन मिनिटं पिन अडकते. पिन थोडी पुढं ठेवजा. बाकी समदं पयलेसारखंच हाये."

खुशालरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग सवयीने उलटी करून बघितली. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.