हाडं कोणत्या पाण्यात सोडायची

मोडकी करवत. मेपलच्या लाकडाची मूठ. पावसाने काळा झालेला रस्ता. गरगर फिरणारा मासा.

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. आर्व्हेलाच्या आजोबांनी मला त्या करवतीच्या पात्यातून घासून काढलं. पुढे चाळीस वर्षं आर्व्हेलाने माझ्याने सॅल्मन मासे चिरले, धुरावर सुकवायला. "हिच्याएवढी धार माझ्या जिभेलाही नाही," ती म्हणायची. तेवढंच माझं कौतुक.

आता ती मला मेलेल्या माशांवर चालवते, ते कशानं मेले हे पाहायला. शरदातल्या पावसाबरोबर ते समुद्रातून आमच्या ओढ्यात अंडी घालायला येतात. समुद्रातल्या विषारी शेवाळातून ते वाचलेले असतात. पण वरच्या रस्त्यावरून झिजलेल्या टायरांची धूळ पाण्यात उतरते, आणि काही तासांत ते गरगर फिरत, तोंड वासून मरतात. गेल्या वर्षी एका दिवसात सहा माद्या चिरल्या. सहाही अंड्यांनी गच्च.

या खाडीवरचे आमचे लोक मोसमातला पहिला मासा मिळून खातात आणि त्याची हाडं ओढ्यात सोडतात. तो आपल्या भावंडांना जाऊन सांगतो, मला मानानं वागवलं, तुम्हीही या.

यंदा आर्व्हेलाचा धाकटा भाऊ क्लेमंट याने खाडीतून पहिला मासा आणला. जेवणं झाली. आर्व्हेला हाडांची परडी मांडीवर घेऊन बसून राहिली.

"ताई, ऊठ. सगळे खोळंबलेत."

"कोणत्या तोंडानं बोलावू? ताटात विष कालवायचं आणि पाहुण्याला म्हणायचं, बस जेवायला?"

"आपण कालवलं का ते?"

"तुझी गाडी काय लाकडी चाकांवर पळते, शहाण्या?"

क्लेमंटने ओढ्याकडे बोट केलं. "नाही बोलावलं तर आपला ओढा ओस पडेल."

"डोंगरापलीकडच्या नदीच्या काठानं रस्ता नाही. तिथं सोडते."

"परक्याच्या दारात आपलं आवतण?"

"जगतील तरी."

ती पायी गेली. परडीत हाडांशेजारी मी होते. हाडं सोडताना तिने आमच्या ओढ्याचं नाव घेतलं नाही.

मित्रांनो, मी गंजले तरी चालेल. पण रस्त्यावरचं पाणी तसंच ओढ्यात सोडू नका. अंड्यांसकट मेलेली आई मला पुन्हा उघडायची नाही.

रस्त्याचं काम सुरू झालं त्या दिवशी आमच्या लोकांनी मजुरांना जेवू घातलं होतं. मासा याच ओढ्यातला होता.