नासकी ठरलेली कॉफी

मी एक पितळी फिल्टर. कॉफीचा. पाण्याचा समजून माझी तोटी शोधणारे पाहुणे या घरात येऊन गेले आहेत, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

जन्म कुंभकोणमचा. एकावर एक बसवलेली दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं, एवढाच माझा संसार. वर पूड आणि गरम पाणी घालायचं आणि खाली थेंब थेंब उतरेपर्यंत गप्प बसायचं. घाईच्या माणसाने माझ्या वाटेला जाऊ नये. तरी नशिबाने मला डोंबिवलीजवळच्या कोपरला आणून टाकलं. इथे दुधाआधी माणसं उतू जातात.

१९९१च्या मार्चात मी चिकमगळूरहून पार्सलाने आलो. सोबत अर्धा किलो पूड. पाठवणारा रतन, तिथल्या एका कॉफीच्या मळ्यावर देखरेखीला होता. घेणारे त्याचे वडील दौलतराव, निवृत्त हेडक्लार्क. मुलाने मळ्यात राबावं हे त्यांना मंजूर नव्हतं. ठाण्यातल्या एका कचेरीत त्यांनी त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

रतनचं पत्र कलावतीबाईंनी नवऱ्याला वाचून दाखवलं. सगळे जण कॉफीचं फळ सोलून बी स्वच्छ धुतात. मालकाने यंदा त्याला खळ्याचा एक कोपरा दिला होता. तिथे त्याने नुसती साल काढली, मधासारखा चिकट गर बियांवर तसाच ठेवला आणि बुरशी धरू नये म्हणून नऊ दिवस हाताने खालीवर करत वाळवला. शेवटी लिहिलं होतं, "पिऊन बघा, बाबा. दूध नको, साखर नको, जायफळ तर नकोच. पाणी उकळलं की जरा निवू द्या, मग ओता. नाही आवडली तर तुम्ही म्हणता तसा परत येईन."

दौलतरावांनी पेपर खाली केला नाही. "कोरी? कोरं सुतकात पितात. माझ्या घरात कोण गेलंय?"

"अहो, तो म्हणतोय तर..."

"तो बरंच म्हणतो."

नवरा आणि मुलगा यांच्यात कलावतीबाईंनी जन्मभर मधला मार्ग काढला होता. या वेळी मधला मार्ग दुधातून गेला. माझ्यातून उतरलेला अर्क त्यांनी दुधात उकळला, दोन चमचे साखर घातली, वर जायफळ किसलं. ती कॉफी मुळात फळासारखी आंबटसर. दूध फाटलं. कनिष्ठ कारकुनाची चूक सापडल्यावर दौलतरावांना होई तेवढंच समाधान त्यांना त्या कपात दिसलं. त्याच दुपारी त्यांनी कार्ड टाकलं: कॉफी नासकी निघाली. ठरल्याप्रमाणे ये.

चार दिवसांनी कलावतीबाई बहिणीकडे शहाडला गेल्या. चहाचा डबा रिकामा होता आणि शेजारी मागणं दौलतरावांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मला खाली काढलं. दूध घातलं नाही. धाडस म्हणून नव्हे. मागच्या खेपेला दुधाने दगा दिला होता म्हणून.

पहिला घोट घेऊन ते थांबले. कॉफी चहासारखी पातळ, वास मोसंबीच्या सालीचा, आणि घोट उतरल्यावर जिभेवर मागाहून गोडी. कपाला साखर राहिली असावी म्हणून त्यांनी कप विसळला, पुन्हा ओतली, पुन्हा प्यायले. गोडी तिथेच होती.

मग कार्ड घेऊन बसले. "पहिल्या पत्रातील मजकूर रद्द समजावा" असं लिहिलं आणि खोडलं. तीस वर्षं दुसऱ्यांकडून खुलासे लिहून घेतलेल्या माणसाला स्वतःचा लिहिता येईना. रोज एक याप्रमाणे तीन कार्डं वाया गेली. चौथ्या दिवशी रतन ट्रंक घेऊन दारात उभा.

जेवताना त्याने एकदाच विचारलं, "बाबा, खरंच नासकी होती?"

"होती."

दूध मी घातलं, हे कलावतीबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी भात वाढला.

रतन कचेरीत रुजू झाला. तो गेला आणि कलावतीबाई देवळात गेल्या की दौलतराव मला काढत, कोरी कॉफी पीत आणि खिडकी उघडून ठेवत. महिनाभर हे बिनबोभाट चाललं. एका शनिवारी रतन अर्ध्या दिवसाने लवकर घरी आला.

"कसला वास येतोय, बाबा?"

"मोसंबी सोलली."

रतन मोरीकडे गेला. मी तिथे होतो, अजून कोमट, पोटात ओला चोथा. शेजारी पुडीचा डबा, तळ दिसत असलेला. माझ्या खालच्या भांड्यात घोटभर राहिली होती, ती तो उभ्याउभ्याच प्यायला. मग त्याने मला चिंच लावून घासलं, भोकं एकेक करून मोकळी केली. इतक्या मायेने मला त्याआधी आणि त्यानंतर कुणी धुतलं नाही.

बाहेर येऊन तो म्हणाला, "पाणी उकळतंच ओतलंत. म्हणून शेवटी कडवट लागते. जरा निवू द्यायचं."

दौलतरावांनी पेपर खाली केला. "उद्या तसं करू," ते म्हणाले.

"पूड संपली, बाबा."

त्याला सात वर्षं झाली. मी माळ्यावर आहे, हिरवट पडलोय. खाली बापलेक पाणीकपातीवर भरपूर बोलतात. रतन हेडक्लार्क होईल म्हणतात.

मला मोडीत घालायचं तर खुशाल घाला. विनंती एवढीच, की कुणाच्या नऊ दिवसांच्या कष्टांना नाव ठेवण्याआधी ते त्याने सांगितलंय तसं एकदा चाखून बघा. आणि आवडलं, तर कार्ड त्याच दिवशी टाका. दुसऱ्या दिवशी हात वळत नाही.