दोन बोटं जास्त

मित्रांनो, मी शिवणाच्या कारखान्यातली एक जुनी टेप आहे. कापडी, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. नवी होते तेव्हा काय तोरा होता माझा! मास्तर मला गळ्यात घालून फिरायचे आणि म्हणायचे, "हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मलाही ते खरंच वाटायचं.

चार टेबलांत मी एकटीच, म्हणून सारखी हरवायची. कधी गठ्ठ्याखाली, तर कधी कुणाच्या खिशात. मग एकदा माझ्या टोकाला मोठी कात्री बांधली गेली आणि आम्हा दोघींना खिळ्यावर अडकवलं. हरवणं थांबलं. दुपारी इस्त्रीची वाफ तरंगत यायची, मशिनी अंगाई म्हटल्यासारख्या घरघरायच्या आणि मी डुलक्या घ्यायचे. खाली कात्री लोंबत असायची. अंग ताणल्यासारखं वाटायचं, पण झोपेत कुणाला काय कळतं!

अशी कितीतरी वर्षं गेली. एके दिवशी दवाखान्यासाठी शिवलेले दोनशे पांढरे कोट परत आले. सगळ्यांच्या बाह्या बोटभर लांब. मास्तरांचा पारा चढला. कटिंगवाल्या ताईंना म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं? उद्यापासून येऊ नका."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घर त्यांच्या एकटीच्या हातांवर चालायचं. "मास्तर, एकदा मोजून तरी बघा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मोजलं, मलाच लावून. बाही तंतोतंत भरली! दुसरी मोजली, तीही तंतोतंत.

"मग काय कोट वाटेत वाढले?" मास्तर ओरडले. "काहीतरी तुमच्याच हातून झालंय."

तेव्हा इस्त्रीवाले काका पुढे आले. "मास्तर, ताईंना काढून बाह्या आखूड होणार आहेत का? जरा सगळे बसू या."

सगळे कटिंगच्या टेबलाभोवती बसले. प्रत्येकाने आपापलं काम सांगितलं. शिवणारी म्हणाली, "मी खुणेबाहेर जात नाही." काका म्हणाले, "वाफेने कापड आटतं, वाढत नाही." पॅकिंगवाली मात्र उठली, ऑफिसातून पोलादी पट्टी घेऊन आली आणि तिने मला त्या पट्टीशेजारी झोपवलं.

पट्टीचे शंभर संपले, तरी माझे शंभर दोन बोटं पुढे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी खोटं बोलत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"टेप का ताणली गेली?" काकांनी विचारलं.

"कात्री लोंबते म्हणून," शिवणारी म्हणाली.

"कात्री का बांधली?"

"हरवायची म्हणून."

"का हरवायची?"

"चौघांत एकच होती ना!"

कात्री कुणी बांधली, हे काकांनी विचारलंच नाही. मास्तरच खाली बघत म्हणाले, "मीच बांधली होती. ताई, चुकलं माझं. उद्या या बरं का."

मग दोनशे बाह्या सगळ्यांनी मिळून उसवल्या आणि पुन्हा शिवल्या, मास्तरांनीसुद्धा. चार टेबलांना चार टेपा आल्या, कात्रीला वेगळा खिळा मिळाला. आता दर सोमवारी प्रत्येक टेप पट्टीशेजारी झोपवून बघतात. मला मात्र कचऱ्याच्या टोपलीत टाकलं होतं. ताईंनी मला उचललं, झटकलं आणि घरी नेलं.

मित्रांनो, एवढंच सांगते. काही बिघडलं तर आधी कुणावर बोट ठेवू नका, सगळे मिळून शोधा. आणि ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता, त्यालाही अधूनमधून तपासत जा. मला कुणी वेळेवर तपासलं असतं, तर ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं.

आता मी ताईंच्या दाराच्या चौकटीजवळ सुखाने पेंगत असते. महिन्यातून एकदा त्यांची लेक मला लावून उंची मोजते आणि खट्टू होते. "आई, मी एवढीशीच?"

ताई हसून म्हणतात, "अगं, म्हातारी आहे ती. ती सांगते त्यापेक्षा तू दोन बोटं जास्तच आहेस."

आणि हे मात्र, मित्रांनो, अगदी खरं आहे.