तिसरी फेरी

गोरक्ष फोटोवाला कधी मान खाली घालून चाललाय, असं पुणतांब्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. स्टेशनच्या वाटेवर त्याचा स्टुडिओ, आत काश्मीरच्या तळ्याचा पडदा, आणि पंचक्रोशीतलं एकही लग्न त्याच्या कॅमेऱ्यावाचून पार पडायचं नाही. नवरीनं हनुवटी किती उचलावी इथपासून आमदारानं हार घालून घेताना कुणीकडे बघावं इथपर्यंत सगळं तोच सांगायचा, आणि लोक ऐकायचे. माणूस वाईट नव्हता. तोंडानं मोठा होता इतकंच, आणि त्या मोठेपणाला आजवर कुणी टाचणी लावली नव्हती.

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात साखर कारखान्याचा रौप्यमहोत्सव निघाला. त्याच सुमारास चेअरमन काकासाहेब काही कामानं नगरला एका लष्करी साहेबांच्या कचेरीत गेले आणि तिथलं कॅलेंडर बघून खुळावले. कॅलेंडरवर तीन लढाऊ विमानं ढगांवरून चालली होती, आणि फोटो इतक्या जवळून काढलेला की आतल्या माणसाच्या शिरस्त्राणाचा पट्टासुद्धा दिसावा. असा फोटो जमिनीवरून निघत नाही, दुसऱ्या विमानात बसून, त्यांच्या बगलेत उडत काढावा लागतो, हे साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. काकासाहेबांनी तेवढंच मनात धरलं. आपल्या कारखान्याच्या चिमणीवर विमान, आणि फोटो आभाळातून, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर.

लढाऊ विमान कारखान्याला कोण देतंय? पण कसरतीचं विमान मिळण्यासारखं होतं, कारण ते चालवणारी मुलगी गावचीच होती. कारखान्याच्या बॉयलरवर कामाला असलेल्या बन्सीची धाकटी लेक, प्रज्ञा. बौद्धवाड्यातून निघून शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत ती एका फ्लाइंग क्लबात पोचली होती आणि आता तिथं लोकांना विमान चालवायला शिकवत होती. फोटो कोण काढणार, हा प्रश्न निघण्याआधीच गोरक्षनं उत्तर दिलं.

"इमानातून इमानाचा फोटो ना? त्यात काय हाय एवढं," तो काकासाहेबांना म्हणाला. तोवर तो सर्वांत उंच चढला होता तो गावच्या पाण्याच्या टाकीवर, आणि तिथूनही त्याला दोघांनी धरून उतरवलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी कारखान्यामागच्या मुरमाच्या धावपट्टीवर जत्रा लोटली. उसाच्या बैलगाड्या ऊस टाकायच्या गव्हाणीकडे जायच्या सोडून तिथंच थांबल्या. विमानं दोन होती. एक चार जणांचं, त्याचं डावं दार फोटोसाठी काढून ठेवलेलं. ते चालवायला हवाईदलातून निवृत्त झालेले एक कॅप्टनसाहेब. दुसरं लाल, बुटकं, एकट्याचं. ते प्रज्ञाचं. संध्याकाळी ते परत जाणार होतं, आणि क्लबानं ते विकायला काढलेलं असल्यामुळे पुन्हा तिच्या हाताला लागणार नव्हतं.

"गोरक्षकाका, नीट ऐका," प्रज्ञा म्हणाली. "मी तुमच्या डाव्या बाजूला येईन, जराशी वर. तिथं विमान उलटं करीन. माझं डोकं खाली, तोंड तुमच्याकडे. तसं फार वेळ राहता येत नाही, डोक्यात रक्त उतरतं. दोन फेऱ्या करायच्या. फोटो मिळाला तर अंगठा दाखवा. नाही मिळाला तर पंजा हलवा, मी परत येते. पण हलवा बरं का, लाजू नका."

"आमच्या जेटचे फोटो काढायला आलेल्या माणसानं पहिल्या खेपेला लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं," कॅप्टन हसून म्हणाले. "त्यानं सांगितलं, आम्ही परत फिरलो. झालं."

ही गोष्ट आपल्याला धीर द्यायला सांगितली आहे, हे गोरक्षला कळलंच नाही. त्याला तो अपमान वाटला. भोवती माणसं जमली होती, वार्ताहरही होते. त्यानं नवा रोल काढला आणि कॅमेऱ्याकडे न बघता, लोकांशी बोलत बोलतच आत भरला. "डोळे झाकून भरतो मी," असंही वर म्हणाला. कॅमेऱ्याचं मागचं झाकण लावलं. लोक कौतुकानं बघत राहिले.

विमानात चढायच्या आधी बन्सी पुढे आला. धुतलेला सदरा, हातात टोपी. त्याची बायको बनाबाई मागे एका खुर्चीवर बसवलेली होती. "गोरक्षशेठ, एक मागनं हाय. कारखान्याचं कारखान्याला द्या. आमाला तिचं तोंड दिसंल असा एक फोटू द्या. हिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. इमान हिला खालून दिसायचं न्हाई. हातात फोटू आला तर खिडकीच्या उजेडाला, डोळ्याशी धरून तेवढं दिसतंय."

"तोंडच काय, दात मोजून घ्या," गोरक्ष म्हणाला.

वर गेल्यावर त्याचं तोंड बंद झालं. उघड्या दारातून वारा असा आत घुसत होता की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खाली गोदावरी, उसाचे तुकडे, चिमणीचा धूर, सगळं एका बाजूला कललं आणि त्यानं सीटची कड दोन्ही हातांनी धरली. लाल विमान कधी आलं, कधी उलटं झालं आणि कधी गेलं, त्याला काही कळलं नाही. पहिली फेरी त्यानं डोळे मिटून घालवली.

दुसऱ्या फेरीला मात्र त्यानं स्वतःला शिव्या घातल्या, पट्ट्यात अंग आवळून धरलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. लाल विमान हाकेच्या अंतरावर येऊन थांबल्यासारखं झालं आणि पालथं झालं. त्याखाली चिमणी, चिमणीचा धूर, सगळं एका चौकटीत. आयुष्यात असा फोटो त्याच्या वाट्याला आला नव्हता. तो बटण दाबत गेला, रोल पुढे सरकवायचा खटका ओढत गेला. विमान सरळ झालं तेव्हा त्याचं लक्ष कॅमेऱ्याच्या डाव्या कडेच्या चकतीकडे गेलं. रोल पुढे सरकला की ती चकती आपोआप फिरते. ती हलत नव्हती.

त्यानं पुन्हा खटका ओढला. चकती तिथंच. रोलचं टोक खाचेत बसलंच नव्हतं. आत फिल्म जागच्या जागी पडून होती आणि काढलेल्या फोटोंपैकी एकही निघालेला नव्हता.

यात न सुधारण्यासारखं काही नव्हतं. मागचं झाकण उघडायचं, टोक खाचेत अडकवायचं, झाकण लावायचं आणि पंजा हलवायचा. पलीकडे प्रज्ञा मान वळवून त्याच्या हाताकडे बघत होती. पण कॅप्टनही बघत होते. झाकण उघडलं असतं तर ते विचारणार, मग खाली सांगणार, मग डोळे झाकून रोल भरणाऱ्या गोरक्षची गोष्ट गव्हाणीपासून गोदामापर्यंत जाणार. गोरक्षचा हात वर गेला आणि त्यानं अंगठा दाखवला.

हा हात असा वागायला लग्नाच्या मांडवात शिकला होता. मांडवात प्रत्येक पाव्हण्याला नवरानवरीशेजारी उभं राहून फोटो हवा असतो. सगळ्यांवर रोल कोण खर्च करणार? मग फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावतो आणि नुसता फ्लॅश पाडतो. उजेड पडतो, पाव्हणा खूश होऊन जेवायला जातो, फोटो काही निघत नाही. सगळेच फोटोवाले करतात. गोरक्षही करायचा, आणि मांडव जितका गरिबाचा तितका जास्त करायचा. त्याला त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं.

अंगठा दिसला म्हणजे काम संपलं. कॅप्टननी विमान माघारी वळवायला घेतलं. तेवढ्यात लाल विमान पुन्हा आलं. कुणी न बोलावता, आधीपेक्षाही जवळ. उलटं झालं आणि तसंच राहिलं. गोरक्षला तिचं तोंड इतकं स्वच्छ दिसलं की त्याला रडू यावं. चेहरा लालबुंद, गाल कपाळाकडे ओढलेले, शिरस्त्राणातून सुटलेली एक बट लोंबतेय, आणि ती हसतेय, त्याच्याकडे बघून. आनंदाच्या भरात एक फेरी जास्तीची मारतेय पोरगी, असं त्याला वाटलं. तिच्या समाधानासाठी त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबत राहिला. ती खूप वेळ उलटी राहिली. तोही तितका वेळ दाबत राहिला.

खाली उतरला तेव्हा बन्सी पेढा घेऊन उभा होता. "दिसली का?"

"दिसली."

"तोंड?"

"अगदी स्वच्छ," गोरक्ष म्हणाला. शब्द खरा होता, आणि तो उच्चारताना त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढा त्यानं न खाता खिशात टाकला.

पुढचं खोटं सोपं होतं. रोल धुवायला पुण्याला पाठवला, तिथं लॅबवाल्यानं जाळला. काकासाहेबांनी पुण्याच्या लॅबला मनसोक्त शिव्या दिल्या, स्मरणिकेवर स्वतःचा फोटो छापला आणि विषय विसरून गेले. गावही विसरलं. विसरला नाही तो गोरक्ष. बॉयलरची पाळी सुटायच्या वेळी तो स्टुडिओचं शटर ओढून घ्यायला लागला. लग्नात फ्लॅशवर बोट ठेवलं की हात थांबायचा. दुसऱ्या कुणाला फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं, असं तो स्वतःला सांगायचा, आणि तेही खोटंच होतं हे त्याला कळायचं.

महिन्याभरानं बन्सीचा निरोप आला, घरी चहाला या. न जाणं शक्य नव्हतं. बौद्धवाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात त्याला एकुलती एक खुर्ची दिली गेली. बन्सी भिंतीला टेकून बसला. बनाबाई समोर खाली बसली आणि आवाजाच्या रोखानं तिनं तोंड वर केलं.

"फोटू जळाला तर जळाला, भाऊ," ती म्हणाली. "तुमी तर पायलंय न्हवं तिला? दुसऱ्या कुनीच न्हाई पायलं. मला सांगा, कशी दिसत हुती?"

गोरक्षनं सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग सगळं आठवून आठवून. लाल झालेला चेहरा सांगितला, सुटलेली बट सांगितली, ओढलेले गाल सांगितले. बनाबाई आपल्याच गालांवर हात ठेवून ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "घाबरली न्हवती न्हवं?"

"नाही वहिनी. हसत होती."

बनाबाई हसली. अगदी तशीच, प्रज्ञासारखी. आणि गोरक्षचं बोलणं तिथंच तुटलं. त्यानं कप खाली ठेवला.

"रोल जळाला नाही," तो म्हणाला. "तो फिरलाच नव्हता. मी भरायला चुकलो. आणि मला ते वरच कळलं होतं. तिनं सांगितलं होतं पंजा हलवा म्हणून. मला लाज वाटली, मी अंगठा दाखवला. पुण्याच्या लॅबचा काही दोष नाही. मी खोटं बोललो, बन्सीदादा."

तो बन्सीच्या रागाची वाट बघत बसला. राग आला असता तर बरं झालं असतं. बन्सी फक्त जमिनीकडे बघत होता.

"मला तसं वाटलंच हुतं," बन्सी म्हणाला. "आमच्या थोरलीच्या लग्नात तुमी आमच्या पाव्हण्यांवर नुसता उजीड पाडला. कॅमेऱ्याचा खटका वाजत न्हवता. आमची बारकी पोरंबी वळखत्यात ते, गोरक्षशेठ. आमी कुनी बोलत न्हाई. पाव्हण्याला तेवढाच मान मिळतो, कशाला बोलायचं."

गोरक्षला मान वर करता येईना.

"म्हनून म्या प्रज्ञीला आदल्या दिवशीच सांगून ठिवलं हुतं," बन्सी पुढं म्हणाला. "म्हनलं, त्यांनी अंगठा दावला तरी तू भरोसा ठिवू नगस. अजून एक फेरी मार. चुकलं आसंल तर ते सांगायचे न्हाईत, पन तू परत आलेली पायली तर त्यांना वाटंल काईतरी, अन् खरा फोटू काढतील. ती म्हनली, डोकं फुटायची येळ आली तरी थांबीन, आईसाठी."

 बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज येत होता. आनंदाच्या भरात मारलेली फेरी, असं गोरक्ष महिनाभर समजत होता. ती त्याच्यासाठी मारलेली होती, त्याला सुधारायला एक संधी म्हणून, आणि ती देणाऱ्या दोघांना तो कसा माणूस आहे ते आधीपासून ठाऊक होतं.

"मंग भाऊ," बनाबाईनं हळूच विचारलं, "त्या तिसऱ्या टायमाला तरी तुमी...?"

गोरक्षनं नाही म्हणून मान हलवली. बनाबाईला ते दिसलं नाही. ती तशीच तोंड वर करून, वाट बघत बसून राहिली, आणि त्याला ते तोंडानं सांगावं लागलं.